फेल, अडकलेला की निघालाच नाही? क्रिप्टो वॉलेटमधल्या चार व्यवहारांचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण जुलै २०२३ मधलं. त्यातला माणूस माझा मावसभाऊ. त्याच्या परवानगीने लिहितो आहे. नाव आणि गाव गाळलं आहे, आकडे गोल केले आहेत. तो ॲनिमेशनची कामं करतो आणि संगणकाला घाबरत नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून "त्याला काही येत नव्हतं" असा समज होऊ शकतो. येत होतं, पण एका चुकीच्या ठिकाणाहून शिकलेलं.

२०२१ च्या अखेरीस त्याने एका भारतीय एक्स्चेंजवरून, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या ठिकाणाहून, १,५०० यूएसडीसी घेतले. यूएसडीसी हे डॉलरच्या भावाला बांधलेलं टोकन. ते त्याने इथेरियम या क्रिप्टो नेटवर्कवरच्या स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे ज्याची किल्ली असलेले बारा शब्द (ते मिळाले की कोणीही वॉलेट रिकामं करू शकतो) फक्त त्याच्याकडे आहेत अशा ब्राउझरमधल्या वॉलेटमध्ये, आणून ठेवले. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली आणि यूएसडीसी काही काळ ९० सेंटच्याही खाली घसरलं. तेव्हापासून "काढून टाकायचे" असं त्याच्या मनात होतं. जुलैत धाकट्या बहिणीच्या प्रवेशाची फी भरायची वेळ आली. शेवटची तारीख सोमवारची. शनिवारी संध्याकाळी तो टोकन एक्स्चेंजकडे परत पाठवायला बसला. रक्कम साधारण सव्वा लाखाची. वॉलेटमध्ये गॅससाठी, म्हणजे नेटवर्कच्या शुल्कासाठी, ०.००६२ इथर (इथेरियमचं स्वतःचं चलन) होतं, तेव्हाच्या भावाने साडेनऊशे रुपयांच्या आसपास.

अडचण

रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. "दादा, पैसे जात नाहीयेत. चार वेळा पाठवले. एक फेल झाला, बाकीचे नुसते फिरतायत. आणि वॉलेटवाल्यांनी बारा शब्द मागितलेत, त्यातला पाचवा मला लागत नाहीये."

यातल्या शेवटच्या वाक्याने मी उठून बसलो.

अडकलेल्या व्यवहाराबद्दल त्याने टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमध्ये विचारलं होतं. दहा मिनिटांत वॉलेटचा लोगो लावलेल्या एका खात्यावरून खासगी मेसेज आला: तुमचं वॉलेट नेटवर्कशी जुळत नाही, या पानावर जाऊन जुळवून घ्या. पानावर बारा रकाने होते. त्याने चार शब्द भरले. पाचवा शब्द दीड वर्षापूर्वी घाईघाईत वहीत लिहिलेला, स्वतःचंच अक्षर त्याला लागेना. म्हणून त्याने मला फोन केला. ते अक्षर नीट असतं तर हे प्रकरण लिहिण्यासारखं काही उरलंच नसतं.

मी त्याला एवढंच सांगितलं: "टॅब बंद कर. वॉलेट कुठेही जोडलंस का? कशावर सही केलीस का?" नाही म्हणाला. मग आम्ही स्क्रीन शेअर केली. एक नियम ठरवला, की मी पाहणार आणि तो दाबणार, आणि ती वही कॅमेऱ्यासमोर यायची नाही. भाऊ असलो तरी बारा शब्द मलाही दिसता कामा नयेत.

नेमकं काय झालं होतं

वॉलेट काय दाखवतं त्यावर विसंबायचं नाही, हे मी अनुभवाने शिकलो आहे. वॉलेटमधली यादी ही त्याची स्वतःची वही असते. खरं खातं नेटवर्ककडे असतं. म्हणून त्याचा पत्ता इथरस्कॅनवर, म्हणजे इथेरियमवरचे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर, टाकला आणि एकेक व्यवहार लावत गेलो.

पहिला प्रयत्न निघालाच नव्हता, म्हणून त्याने तो चारांत धरला नव्हता. कुठल्याशा जुन्या व्हिडिओत "गॅस लिमिट २१,००० पुरते" असं ऐकून त्याने तो आकडा हाताने टाकला होता. गॅस लिमिट म्हणजे व्यवहाराने जास्तीत जास्त किती गॅस वापरायचा ती मर्यादा. २१,००० पुरतं ते साधं इथर पाठवायला. यूएसडीसी पाठवणं म्हणजे टोकनच्या कॉन्ट्रॅक्टला, नेटवर्कवर चालणाऱ्या त्याच्या प्रोग्रॅमला, काम सांगणं. त्यासोबत जाणाऱ्या माहितीचाच गॅस २१,००० च्या वर जातो. त्यामुळे व्यवहार दारातच नाकारला गेला. खर्च शून्य.

मग त्याने लिमिट ३०,००० केलं. हा व्यवहार नेटवर्कवर गेला, ब्लॉकमध्ये (नेटवर्क एकत्र नोंदवतं त्या व्यवहारांच्या गठ्ठ्यात) बसला आणि फेल झाला. इथरस्कॅनवर लाल खूण आणि शेजारी कारण: गॅस संपला. टोकन पाठवायला साधारण ४५ ते ६५ हजार गॅस लागतो. रिक्षाचं पेट्रोल अर्ध्या रस्त्यात संपावं, रिक्षा जादूने पुन्हा दारात यावी, पण जळलेलं पेट्रोल गेलेलंच असावं, तसं हे. टोकन जागेवर राहिले, ०.०००७२ इथर गेलं. म्हणजे ११० रुपये.

तिसऱ्या खेपेला लिमिट वॉलेटवर सोडलं, पण पैसे गेल्याचा राग होता म्हणून कमाल भाव कमी लावला: ९ ग्वेई. ग्वेई म्हणजे इथरचा एक अब्जांश. गॅसचा भाव त्यात मोजतात. ऑगस्ट २०२१ च्या बदलापासून इथेरियमवर प्रत्येक ब्लॉकचा एक मूळ भाव नेटवर्क स्वतः ठरवतं. मागणी वाढली की तो चढतो, घटली की उतरतो, पण एका ब्लॉकमध्ये जास्तीत जास्त साडेबारा टक्के. तुमचा कमाल भाव मूळ भावापेक्षा कमी असेल तर तो व्यवहार ब्लॉकमध्ये बसूच शकत नाही. त्या रात्री मूळ भाव २३ ग्वेई होता. म्हणजे हा व्यवहार फेल नव्हता, ताटकळत होता.

आणि मग त्याने आणखी दोनदा पाठवलं. एकदा १२ ग्वेईने, एकदा वॉलेटने सुचवलेल्या ४० ग्वेईने. "चाळीसवाला तरी जायला हवा होता ना दादा?" हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि सगळी गुंतागुंत त्याच्याच उत्तरात होती.

प्रत्येक पत्त्यावरून जाणाऱ्या व्यवहाराला एक अनुक्रमांक असतो, त्याला नॉन्स म्हणतात. मी त्याला चेकबुकचा नंबर म्हणतो. फरक इतकाच, की ही बँक नंबर चुकवून चेक वटवत नाही. १५ वटल्याशिवाय १६ ला हात लावणार नाही, मग १६ वर कितीही भाव लिहिलेला असो. त्याच्या यादीत १४ फेल होऊन संपला होता. १५ वर ९ ग्वेई, १६ वर १२ आणि १७ वर ४० ग्वेई. चाळीसवाला चेक रांगेत तिसरा उभा होता.

पहिला निर्णय, आणि माझी घाई

इतकं पाहिल्यावर मी म्हणालो, "१५ वर स्पीड अप दाब आणि भाव वाढव." तो दाबणार एवढ्यात त्याने विचारलं, "मग खालच्या दोघांचं काय होईल?"

मी थांबलो. तिन्ही चेक त्याच एक्स्चेंजच्या नावाने, त्याच पूर्ण १,५०० च्या रकमेचे होते. १५ वटला की शिल्लक शून्य. मग १६ ताटकळत राहणार, आणि ज्या दिवशी भाव १२ च्या खाली येईल त्या दिवशी जाऊन "शिल्लक नाही" म्हणून फेल होणार, गॅस खाऊन. त्याच्या पाठोपाठ १७ सुद्धा. आणि मधल्या काळात त्या पत्त्यावर कोणी नवे यूएसडीसी पाठवले असते, तर १६ ने ते उचलून एक्स्चेंजला नेले असते. अडकलेला व्यवहार म्हणजे विसरलेलं बटण नव्हे. तो सही करून दिलेला चेक असतो आणि तो जगभरच्या नोड्सच्या, म्हणजे नेटवर्क चालवणाऱ्या संगणकांच्या, हातात असतो. त्याला ठरावीक मुदत नसते. त्याने विचारलं नसतं तर मी ही चूक केली असती.

पर्याय

थांबणं हा पहिला पर्याय. भाव ९ च्या खाली जाईपर्यंत वाट पाहायची. सोमवारची फी डोक्यावर असताना याचा विचार फार केला नाही.

दुसरा पर्याय त्याने सुचवला: बारा शब्द दुसऱ्या वॉलेट ॲपमध्ये टाकून तिथून पाठवायचं. याने काही बदलत नाही. पत्ता तोच, रांगही तीच, कारण नॉन्स ॲपमध्ये नसतो, नेटवर्कवर असतो. उलट बारा शब्द टंकण्याची आणखी एक जागा वाढते.

तिसरा, वॉलेटमधली व्यवहारांची यादी पुसून टाकणं. हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि काही वेळा तो योग्यही असतो, विशेषतः वॉलेटने व्यवहार नेटवर्कला पाठवलाच नसेल तेव्हा. पण इथे १५ नंबर इथरस्कॅनवर स्पष्ट दिसत होता. यादी पुसली असती तर चेक बाहेरच राहिले असते आणि आमच्याकडची काउंटरफॉइल मात्र फाडली गेली असती. कोणत्या नंबरवर काय भाव लावला होता हेच हातातून गेलं असतं, आणि पुढच्या दुरुस्तीला नेमकी तीच माहिती लागते.

चौथा, एकाच नंबरचा नवा चेक काढणं. एका नंबरचे दोन चेक असतील तर वटतो एकच, आणि ज्याच्यावर भाव चांगला तो आधी वटतो. नोड्स नवा चेक तेव्हाच स्वीकारतात जेव्हा तो जुन्यापेक्षा किमान १० टक्के जास्त भावाचा असतो, कमाल भाव आणि टिप (ब्लॉक बनवणाऱ्याला मूळ भावावर द्यायचा जादा भाव) दोन्हींत. "स्पीड अप" म्हणजे तोच व्यवहार जास्त भावाने. "कॅन्सल" म्हणजे त्याच नंबरवर स्वतःलाच शून्य इथर पाठवणं. इथे एक बारकावा आहे, तो लोक चुकवतात: ९ ग्वेईवर १० टक्के वाढवले की होतात ९.९. नियम पाळला जातो, नोड नवा चेक घेतो, आणि तोही ताटकळतो. वाढ आधीच्या भावावर नव्हे, चालू मूळ भावाकडे पाहून करायची.

आम्ही हाच पर्याय घेतला, पण क्रम उलटा लावला. आधी १७ कॅन्सल, मग १६, आणि सर्वांत शेवटी १५ ला भाव. पुढून सुरुवात केली असती तर मागचे चेक आम्ही हात लावण्याआधी वटण्याचा धोका होता. मागून आलो की १५ हलेपर्यंत काहीच हलत नाही, आणि एक रुपयाही खर्च होत नाही.

एक अडचण राहिली: इथर पुरेल का? नेटवर्क तपासतं ते तुमच्या कमाल भावाने, प्रत्यक्ष लागणाऱ्या खर्चाने नव्हे. उरलं होतं ०.००५४८. कागदावर मांडलं: १७ साठी २१,००० गुणिले ४६ ग्वेई, १६ साठी २१,००० गुणिले ३०, १५ साठी ६५,००० गुणिले ४५. बेरीज ०.००४५२. बसत होतं. घाबरून प्रत्येकाला ८० ग्वेई लावले असते तर वॉलेटने "शिल्लक अपुरी" म्हटलं असतं आणि त्याला वाटलं असतं की हा पाचवा बिघाड.

काय केलं

वॉलेटच्या प्रगत सेटिंगमध्ये नॉन्स स्वतः लिहिण्याची सोय होती, ती चालू केली. स्वतःच्या पत्त्यावर शून्य इथर, नॉन्स १७, कमाल ४६, टिप २. मग तेच नॉन्स १६ साठी, कमाल ३०. त्याचा हात थरथरत होता, म्हणून प्रत्येक वेळी सहीआधी त्याने तीन गोष्टी मोठ्याने वाचायच्या असं ठरवलं: कोणाला, किती, कोणता नंबर. तेवढ्याने त्याचा आवाज स्थिर झाला.

१५ ला हात लावायच्या आधी एक्स्चेंजच्या ॲपमधला जमा करण्याचा पत्ता पुन्हा उघडला आणि व्यवहारातल्या पत्त्याशी पूर्ण ताडून पाहिला. फक्त पहिली आणि शेवटची चार अक्षरं पाहून भागत नाही. तशी अक्षरं जुळणारे पत्ते मुद्दाम बनवून तुमच्या व्यवहारांच्या यादीत घुसवण्याची फसवणूक तेव्हा जोरात होती. एक्स्चेंज यूएसडीसी इथेरियम नेटवर्कवर घेतं आहे, हेही पाहिलं.

मग ठरवलं, १५ सकाळी सोडायचा. जुलैत भारतात सकाळचे दहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र उलटलेली असते, त्यात रविवार. भाव बहुधा उतरतो. झालंही तसंच. सकाळी मूळ भाव १७ होता. १५ वर स्पीड अप, भाव हाताने लिहिला: कमाल ४५, टिप २. इथेरियमवर दर १२ सेकंदांनी ब्लॉक येतो. १५, १६ आणि १७ तिन्ही एकाच ब्लॉकमध्ये बसले.

निष्पत्ती

अर्ध्या तासात एक्स्चेंजमध्ये १,५०० जमा दिसले. त्याने विकले. आयकर कायद्याच्या तेव्हाच्या कलम १९४एस प्रमाणे विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस कापला गेला. हा नियम १ जुलै २०२२ पासून लागू झाला होता. सोमवारी दुपारी फी भरली.

तिन्ही व्यवहारांना मिळून ०.००१७ इथर लागलं, साधारण २६५ रुपये. आदल्या रात्रीच्या फेलचे ११० धरले तर ३७५. पहिल्याच वेळी, त्याच सकाळच्या भावाने, एकही आकडा हाताने न बदलता पाठवलं असतं तर १४५ रुपयांत काम झालं असतं. आणि वाया गेलेला गॅस करातही वजा होत नव्हता: तेव्हाच्या कलम ११५बीबीएच खाली नफ्यावर ३० टक्के कर होता आणि त्यातून वजा करता येत होती फक्त खरेदीची किंमत. रक्कम छोटी होती, तरी हे त्याला माहीत असणं मला गरजेचं वाटलं, कारण नफा होता आणि विवरणपत्रात तो दाखवायचा होता.

जुनं वॉलेट आम्ही सोडून दिलं. बारापैकी चार शब्द परक्या पानावर टंकले गेले होते. प्रत्येक शब्द २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतला असतो. उरलेले आठ अंदाजाने गाठणं कोणालाही व्यवहारात शक्य नाही. पण त्या पानाने आणखी काय काय टिपून घेतलं हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

रात्र काढायला नको होती. सकाळपर्यंत थांबून वाचले ८५ रुपये. त्या हिशेबात मी फक्त गॅसचा भाव धरला होता. ज्या वॉलेटचे चार शब्द बाहेर गेलेत त्यात सव्वा लाख आणखी बारा तास ठेवणं मी आज करणार नाही. तेव्हा आठ शब्दांचं गणित मला माहीत होतं म्हणून मी निवांत होतो, पण त्याच्या लॅपटॉपवर दुसरं काही बसलं नव्हतं याची माझ्याकडे काय खात्री होती? काहीच नव्हती.

तक्रार करायला हवी होती. पैसे गेले नाहीत म्हणून आम्ही १९३० वर फोन केला नाही, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदही केली नाही. आठवण झाली तोवर ते खातं आणि ते पान दोन्ही गायब झाले होते, आणि आमच्याकडे साधा स्क्रीनशॉटही नव्हता. त्या रात्री त्याच ग्रुपमध्ये आणखी कोणीतरी अडकलेला व्यवहार घेऊन बसलं असेल, आणि त्याचं अक्षर कदाचित चांगलं असेल. हे मला अजून सलतं.

त्याच्या बाजूने पाहिलं तर वळणाची जागा १४ फेल झाल्याची होती. तिथे एक मिनिट थांबून कारण वाचलं असतं, तर पुढचे तीन चेक फाडावेच लागले नसते. पण वॉलेट त्या क्षणी फक्त "फेल" एवढंच सांगत होतं. कारण पाहायला दोन पानं आत जावं लागत होतं. तारीख जवळ आलेला माणूस दोन पानं आत जात नाही, पुन्हा "पाठवा" दाबतो. म्हणून आता घरात कोणाचाही व्यवहार अडकला की मी आधी एकच विचारतो: हॅश, म्हणजे व्यवहाराचा ओळख क्रमांक, इथरस्कॅनवर टाकल्यावर काय दिसतं? काहीच दिसत नसेल तर बहुधा तो निघालाच नाही. पेंडिंग दिसत असेल तर भाव आणि नॉन्स पाहायचे. लाल दिसत असेल तर तो संपला, कारण वाचून मगच नव्याने पाठवायचं. "सक्सेस" दिसूनही समोर पैसे नसतील तर आपल्या वॉलेटशी झगडण्यात अर्थ नाही. नेटवर्क आणि पत्ता तपासून समोरच्या एक्स्चेंजला हॅश द्यायचा.

नवं वॉलेट त्याने बहिणीची फी भरल्यानंतरच्या रविवारी उघडलं. या वेळी बारा शब्द मोठ्या सुट्या अक्षरांत, शाईने, दोन कागदांवर लिहिले. उरलेलं इथर त्यात पाठवण्याआधी त्याने वॉलेट ब्राउझरमधून काढून टाकलं आणि फक्त कागदावरून वाचून पुन्हा उभं केलं. पत्ता तोच आला. मग फोन करून म्हणाला, "दादा, पाचवा शब्द लागला."